पंडिता रमाबाई: स्वातंत्र्य कशासाठी?



ऑक्सफर्डशायरमध्ये वाँटेज नावाचे एक लहानसे गाव आहे. राजा आल्फ्रेडचा जन्म तिथला, हे तुम्ही शाळेत शिकला असाल. याच गावात १८८३ साली महाराष्ट्रातून एक पंचविशीची बाई आली. अंगावर साडी, कडेवर दोन वर्षांची मुलगी. तिला संस्कृत अस्खलित येत होते. इंग्रजी मात्र ती नुकतीच शिकू लागली होती. तिचे नाव पंडिता रमाबाई.

इथे एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नीचे नावही रमाबाईच होते. त्या रमाबाई रानडे. या दोघी एकमेकींना ओळखत होत्या आणि पुण्यात दोघी इंग्रजीही शिकल्या. पण आज आपण बोलणार आहोत ते पंडिता रमाबाईंविषयी.

तुमच्यापैकी काही जण विचारतील, आपल्या वर्गातल्या बहुतेकांच्या घरी गणपती बसतो, दिवाळीला फराळ होतो, मग एका ख्रिस्ती बाईंची गोष्ट कशाला? ती मराठी माणसाची गोष्ट आहे, शिवाय ती थोडीशी इंग्लंडमध्येही घडली आहे, म्हणून आम्ही ती निवडली. आणखी एक कारण आहे. मोठे होताना आपल्या सर्वांना एक प्रश्न पडतो: मला माझ्या मनाप्रमाणे वागायचे स्वातंत्र्य हवे. ते मिळाले, तर मी त्याचे काय करणार? या प्रश्नाचे उत्तर रमाबाईंनी आपल्या आयुष्याने दिले.

लहानपण

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे संस्कृत पंडित होते. त्या काळी बायकांना संस्कृत शिकवणे पाप समजत. शास्त्रीबुवांनी ते मानले नाही. त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले आणि लक्ष्मीबाईंनी ते लेकीला शिकवले. या गोष्टीवरून लोकांचा रोष झाला, पण शास्त्रीबुवा आपल्या मतावर ठाम राहिले.

हे कुटुंब जंगलात राहिले, मग तीर्थयात्रा करत देशभर पायी फिरले. देवळात किंवा नदीकाठी पुराण सांगायचे आणि लोक देतील त्यावर पोट भरायचे. १८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला. खायला काही मिळेना. आई, वडील आणि मोठी बहीण असे तिघेही थोड्याच काळात गेले. मागे राहिले रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास. ही भूक त्या कधी विसरल्या नाहीत. पुढच्या गोष्टीत ती पुन्हा येणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

बहीणभाऊ चालत चालत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या पंडितांनी रमेची परीक्षा घेतली आणि तिची विद्वत्ता पाहून थक्क झाले. त्यांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. तेव्हा ती वीस वर्षांची होती. पण त्याच सुमारास तिच्या मनात शंकाही वाढत होत्या. धर्मग्रंथ वाचताना तिला दिसे की इतर अनेक बाबतींत ग्रंथांचे एकमत नाही, पण स्त्रियांना कमी लेखण्यात मात्र आहे. मग देवाने मला बुद्धी दिली ती कशासाठी, असा प्रश्न तिला पडू लागला.

१८८० मध्ये श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केले. प्रांत वेगळा, भाषा वेगळी, जातही वेगळी. आजही असे लग्न ठरले की काही घरांत कुजबूज होते. तेव्हा काय झाले असेल याची कल्पना करा. त्यांना मुलगी झाली, तिचे नाव मनोरमा. पण १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीच्या साथीत मेधावी वारले. तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या.

त्या पुण्याला आल्या. तिथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले आणि सरकारच्या शिक्षण आयोगापुढे साक्ष दिली. हिंदुस्थानात स्त्री-शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर यांची फार गरज आहे असे त्यांनी तिथे सांगितले. मग आपणच डॉक्टर व्हावे असे त्यांच्या मनात आले. पुस्तकाच्या विक्रीच्या पैशांतून त्यांनी बोटीचे तिकीट काढले आणि १८८३ च्या उन्हाळ्याच्या सुरुवातीस त्या इंग्लंडला आल्या.

वाँटेज आणि फुलम

वाँटेजला सेंट मेरी मठाच्या ख्रिस्ती भगिनी राहत. त्यांची एक शाखा पुण्यातही होती, त्यामुळे ओळख झालेली होती. रमाबाईंनी तिथे फुकट राहायचे नाही असे ठरवले. पुण्याला जाणाऱ्या भगिनींना त्या मराठी शिकवणार आणि त्या बदल्यात त्यांची राहण्याची सोय होणार, असा करार झाला. म्हणजे इंग्लंडमध्ये मराठीचा वर्ग घेणाऱ्या पहिल्या काही शिक्षिकांमध्ये रमाबाईंची गणना करायला हरकत नाही!

या मठाच्या भगिनी लंडनमधील फुलम येथेही काम करत. ज्या बायकांना समाजाने वाईट ठरवून दूर लोटले होते, त्यांच्यासाठी तिथे एक घर होते. रमाबाई ते पाहायला गेल्या. भगिनी त्या बायकांशी मायेने बोलत होत्या, त्यांची सेवा करत होत्या. रमाबाईंनी असे पूर्वी कधी पाहिले नव्हते. तुम्ही हे का करता, असे त्यांनी विचारले. तेव्हा त्यांना बायबलमधील एक गोष्ट ऐकायला मिळाली. विहिरीवर पाणी भरायला आलेल्या, लोकांनी हिणवलेल्या एका शोमरोनी बाईशी येशू ख्रिस्त आदराने बोलला, ती ही गोष्ट. देवाच्या दारात त्या बाईला जागा होती. ही गोष्ट रमाबाईंच्या मनात खोल रुजली.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे रमाबाईंनी आणि छोट्या मनोरमेने बाप्तिस्मा घेतला, म्हणजे त्या ख्रिस्ती झाल्या. त्याच्या थोडेच आधी, त्यांच्याबरोबर हिंदुस्थानातून आलेल्या आनंदीबाई भगत वाँटेजलाच वारल्या होत्या. परक्या देशात तो फार कठीण काळ होता.

बातमी पुण्यात पोहोचली आणि खळबळ उडाली. कालपर्यंत ज्यांनी त्यांचा सत्कार केला, तेच आता नाराज झाले. आपल्या पंडितेने आपल्याला सोडले असे अनेकांना वाटले. त्यांचे दुःखही खोटे नव्हते, कारण तेव्हा राज्यकर्त्यांचा धर्म तो होता. जोतीराव फुल्यांनी मात्र 'सत्सार' या पुस्तिकेत रमाबाईंची बाजू घेतली.

आजीबाईंशी वाद

इथपर्यंतची गोष्ट अनेकांना माहीत असते. पुढचा भाग कमी सांगितला जातो, आणि आम्हांला तोच फार महत्त्वाचा वाटतो.

रमाबाईंना ऐकू कमी येई, म्हणून डॉक्टर होण्याचा बेत सोडावा लागला. १८८४ पासून त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजमध्ये शिकू लागल्या आणि तिथे संस्कृत शिकवूही लागल्या. कॉलेजच्या मुख्याध्यापिका डोरोथिआ बील या मोठ्या विचारी बाई होत्या. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन या रमाबाईंच्या धर्मातील पालक. रमाबाई त्यांना प्रेमाने 'आजीबाई' म्हणत. अस्सल मराठी हाक! पण या आजीबाईंशीच त्यांचे खटके उडू लागले.

रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे असा विचार निघाला. हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली, आणि सिस्टर जेराल्डीन यांनाही ते योग्य वाटले नाही. रमाबाई चकित झाल्या. ज्या बाईने कलकत्त्यात आणि पुण्यात पुरुषांनी भरलेल्या सभांत व्याख्याने दिली, तिला इथे कोणापुढे उभे राहायचे ते दुसऱ्यांनी सांगायचे? मला न विचारता माझ्याविषयी ठरवायचे?

जेवणावरूनही बोलणी झाली. रमाबाई शाकाहारी होत्या आणि ख्रिस्ती झाल्यावरही शाकाहारीच राहिल्या. सिस्टरना वाटे की हा जातीचा जुना अभिमान आहे, तो सोडला पाहिजे. शाळेच्या डायनिंग हॉलमध्ये आपले ताट वेगळे दिसते तेव्हा कसे वाटते हे तुमच्यापैकी काहींना चांगले ठाऊक आहे. रमाबाईंनी आपले ताट बदलले नाही.

क्रुसावर लॅटिन अक्षरे असावीत की संस्कृत, हाही वादाचा विषय झाला. माझ्या देशातील माणसांना लॅटिन कळत नाही, मग आमच्या संस्कृतात काय कमी आहे, असे रमाबाईंचे म्हणणे होते. ख्रिस्ताला मानायचे तर आपली भाषा टाकून द्यायला हवी, हे त्यांना पटेना.

सर्वांत मोठा वाद श्रद्धेविषयी होता. चर्चची काही तत्त्वे रमाबाईंना बायबल वाचून पटत नव्हती. सिस्टर म्हणत, अधिकारी धर्मगुरू सांगतात ते नम्रपणे मान. रमाबाईंचे उत्तर असे की पुरोहितांचे जोखड मी एकदा मानेवरून उतरवले आहे, ते दुसऱ्या देशात येऊन पुन्हा घालून घेणार नाही. धर्मगुरूचा प्रत्येक शब्द म्हणजे देवाचा हुकूम असे त्या मानायला तयार नव्हत्या. देवाने प्रत्येकाला सदसद्विवेक दिला आहे, त्याला जागून वागले पाहिजे, अशी त्यांची श्रद्धा होती. मनोरमेला काय शिकवावे हा निर्णयही आई म्हणून आपलाच आहे, असे त्यांनी सांगितले.

लक्षात घ्या, रमाबाई तेव्हा या लोकांच्या आधारावर परक्या देशात राहत होत्या. जवळ पैसा नाही. मायदेशी लोक रागावलेले. गप्प बसणे सोयीचे होते. तरी त्या बोलल्या. पण नाते तोडले नाही. त्या आणि त्यांच्या आजीबाई पुढे कित्येक वर्षे एकमेकींना पत्रे लिहीत राहिल्या. सिस्टर जेराल्डीन यांनी ही सगळी पत्रे, स्वतःवर टीका असलेलीसुद्धा, जपून ठेवली. ती १९७७ मध्ये महाराष्ट्रात पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. मतभेद असलेल्या माणसाचे शब्द सांभाळून ठेवणे हाही एक मोठेपणाच म्हटला पाहिजे.

स्वातंत्र्याचा उपयोग

आता खरा प्रश्न येतो. रमाबाईंनी पुण्याच्या शास्त्र्यांपुढे मान वाकवली नाही आणि इंग्लंडच्या बिशपांपुढेही नाही. मग या मोकळ्या झालेल्या बाईने काय केले?

१८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. निमित्त होते आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाचे. आनंदीबाई म्हणजे डॉक्टर झालेल्या पहिल्या मराठी स्त्री, आणि नात्याने रमाबाईंच्या दूरच्या बहीण. अमेरिकेत रमाबाईंनी बालशिक्षणाची नवी पद्धत शिकून घेतली, गावोगाव व्याख्याने दिली आणि १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर एक इंग्रजी पुस्तक लिहिले. बोस्टनला त्यांच्या कामासाठी एक मंडळ स्थापन झाले. मनात आणले असते तर त्या तिकडे आरामात राहू शकल्या असत्या. पण त्या परतल्या. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी विधवा मुलींसाठी 'शारदा सदन' ही शाळा उघडली. पुढच्या वर्षी ती पुण्याला नेली. तिथे शिकलेल्या गोदूबाई या बालविधवेशी १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी विवाह केला. हेच पुढे महर्षी कर्वे झाले.

शारदा सदनात कोणावर धर्माची सक्ती नव्हती. मुलींनी आपापला धर्म पाळावा, स्वयंपाकपाण्याचे नियम पाळावेत, याची सोय होती. रमाबाई स्वतः आपल्या खोलीत प्रार्थना करत आणि दार उघडे ठेवत. काही मुली येऊन बसू लागल्या. यावरून १८९३ मध्ये मोठे वादळ उठले. 'केसरी'ने कडक टीका केली. रानडे आणि भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले. अनेक पालकांनी मुलींना घरी नेले.

या वादात दोन्ही बाजूंनी विचार करण्यासारखे आहे. विश्वासाने मुलगी पाठवणाऱ्या पालकांची काळजी आम्हांला समजते. लहान मुलींच्या मनावर आवडत्या बाईंचा परिणाम होणारच. आणि स्वतःच्या खोलीतही दार लावून देवाचे नाव घ्यायचे, हे रमाबाईंना मान्य होण्यासारखे नव्हते, हेही समजते. पालकांनी मुलांशी बोलावे असा हा विषय आहे.

रमाबाईंना स्वतःलाही या सुमारास वाटू लागले की आपण धर्म स्वीकारला, नियम समजून घेतले, पण ख्रिस्ताची जवळीक आपल्याला अजून लाभायची होती. १८९१ च्या आसपास ती शांती आपल्याला मिळाली, असे त्यांनी पुढे आपल्या आत्मकथनात लिहिले. त्यानंतर त्यांचे मन निर्धास्त झाले. लोक काय म्हणतील याचे भय उरले नाही.

१८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. आठवते ना, लहानपणीची ती भूक? उपाशी मुलींच्या बातम्या आल्या तेव्हा रमाबाईंना आपले आईवडील आठवले. त्या स्वतः दुष्काळी भागात गेल्या आणि शेकडो मुलींना आणि विधवांना घेऊन आल्या. त्यांना ठेवायचे कुठे? पुण्याजवळ केडगाव येथे त्यांनी जमीन घेतली होती. तिथे झोपड्या आणि तंबू उभे राहिले, विहिरी खणल्या गेल्या. या वसाहतीला त्यांनी नाव दिले 'मुक्ती'. १९०० च्या सुमारास तिथे सुमारे दीड हजार माणसे राहत होती.

मुक्तीत मुली लिहायला वाचायला शिकत, शेती करत, हातमागावर कापड विणत, तेलाचा घाणा चालवत. छापखान्यात खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंत सारे काम मुलीच करत. अंध मुलींना ब्रेल शिकवले जाई. हे काम मनोरमेने मनावर घेतले होते. आणि जिला कुणीच दारात उभे करत नाही अशा बायकांसाठी तिथे 'कृपा सदन' होते. फुलमला पाहिलेले ते घर आता केडगावला उभे राहिले होते.

मुक्ती ही उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. तिथली शिस्तही कडक होती. दुष्काळातून आलेल्या मुलींना आपला धर्म निवडण्याचे कितपत स्वातंत्र्य होते, असे काही अभ्यासक आजही विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण त्या मुलींच्या वाट्याला रस्त्यावरचे मरण आले असते, आणि ते चुकवायला रमाबाई धावून गेल्या, हेही तितकेच खरे आहे.

आयुष्याची शेवटची सुमारे अठरा वर्षे त्यांनी आणखी एका कामाला दिली. त्यांनी बायबलचे मराठी भाषांतर केले. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकल्या. आधीच्या भाषांतरांतील संस्कृत शब्द खेड्यातील बायकांना कळत नसत. म्हणून ज्या बाईला विद्वानांनी 'सरस्वती' म्हटले होते, तिने आपले संस्कृत बाजूला ठेवले आणि साधी, घरगुती मराठी वापरली. आम्हां मराठी शिकवणाऱ्यांना ही गोष्ट फार भावते. विद्या आपल्याजवळ असते ती मिरवण्यासाठी की समोरच्याला समजावे म्हणून, याचा त्यांनी निकाल लावला.

मनोरमा आईचा उजवा हात होती. २४ जुलै १९२१ रोजी, चाळिसाव्या वर्षी, ती वारली. आईने दुःख गिळून भाषांतर पुरे केले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या.

आपल्यासाठी

ख्रिस्ती धर्मात एक विचार आहे. देव माणसाला मोकळे करतो, ते त्याने प्रेमाने दुसऱ्याच्या उपयोगी पडावे म्हणून. रमाबाई हा विचार जगल्या. त्यांना कोणाची हुकमत चालली नाही, पण आजारी मुलीच्या उशाशी रात्रभर बसायला त्यांना कोणी सांगावे लागले नाही. ती सेवा त्यांनी आपल्या खुशीने गळ्यात बांधून घेतली. आपल्या संतांनीही देवाची चाकरी अशी आनंदानेच केली. धर्म कोणताही असो, ही गोष्ट ओळखीची वाटते.

केडगावचे मुक्ती मिशन आजही चालू आहे. १९८९ मध्ये भारत सरकारने रमाबाईंचे टपाल तिकीट काढले. चर्च ऑफ इंग्लंडच्या दिनदर्शिकेत ३० एप्रिल हा त्यांच्या स्मरणाचा दिवस आहे. ज्या चर्चच्या बिशपांशी त्या भांडल्या, त्याच चर्चने त्यांना हा मान दिला!

मुलांनो, तुम्ही सोळा-सतरा वर्षांचे झालात की आईबाबांकडे स्वातंत्र्य मागाल. जरूर मागा. मात्र त्यासोबत ते कशासाठी हवे हेही सांगता आले पाहिजे. आणि पालकहो, मुले आपल्याहून वेगळे ठरवतील तेव्हा सिस्टर जेराल्डीन आठवाव्यात. वाद घालावा, पण पत्रे जपून ठेवावीत.

या आठवड्यात घरी जेवताना एवढेच बोला: रमाबाईंच्या जागी तुम्ही असता, तर वाँटेजमध्ये गप्प बसला असता की बोलला असता? आणि शारदा सदनात मुलगी पाठवलेले पालक असता, तर काय केले असते? उत्तरे पाच-सहा ओळींत मराठीत लिहून पुढच्या वर्गाला आणा. चुका झाल्या तरी चालतील. चांगली उत्तरे पुढच्या अंकात छापू.